दादासो कुरणे घर बघतात

दादासो कुरणे यांनी दिवाळीत घर शोधायला सुरुवात केली आणि घर मिळालं जूनमध्ये. मधल्या काळात उजळाईवाडीला एक अख्खी अपार्टमेंट उभी राहिली. पाया, गिलावा आणि रंग अशा तिन्ही अवस्थांत दादासोंनी ती पाहिली आणि तिन्ही वेळा नापास केली.

घर शोधायचं म्हणजे खोल्या बघायच्या, नळ सोडून बघायचा, शेजारी कोण ते विचारायचं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दादासो खोल्या शेवटी बघत. आधी रस्ता, आणि रस्त्याच्याही आधी घड्याळ.

हे त्यांच्या कामामुळे. आमच्या दूध संघात ते रूट सुपरवायझर आहेत. गावोगावच्या दूध संस्थांमधून कॅन गोळा करत टेम्पो डेअरीवर येतात. कुठला टेम्पो कुठल्या गावाला किती वाजता लागेल, हे दादासो ठरवतात. दूध काढल्यापासून थंड होईपर्यंत जो वेळ जातो त्याला एक मर्यादा आहे, आणि ती ओलांडल्यावर दूध कुणाचं ऐकत नाही, चेअरमनचंही नाही. त्यामुळे दादासोंच्या जगात गावं मिनिटांवर वसलेली असतात. एखाद्या गावाचं नाव निघालं की दुसऱ्या कुणाला तिथली जत्रा आठवेल, कुणाला तिथलं भांडण आठवेल, दादासो म्हणतात, "आठ मिनिटं. पूल धरून."

कधी एखादं गाव रूटमधून काढावंही लागतं. राधानगरीच्या अंगाला अशी एक वाडी होती. दूध साठ लिटर, आणि त्यासाठी टेम्पोला आत वळून चौदा मिनिटं जायची. तेवढ्यात मागच्या सहा गावांचं दूध तापायचं. नोटीस पोस्टाने पाठवता आली असती, पण दादासो स्वतः सांगायला गेले. तिथले चेअरमन गणपतराव यांनी चहा दिला आणि म्हणाले, तुम्हाला साठ लिटर दिसतंय, त्याच्यामागं बावीस घरं हायत. दादासोंनी ऐकून घेतलं, चहा संपवला, आणि परत येऊन कागदावर त्या वाडीच्या नावावरून रेघ मारली. ते निर्दय नाहीत. मिनिटांवर त्यांचा विश्वास आहे, एवढंच.

या माणसाचं स्वतःचं घर मात्र अकरा वर्षं दोन ठिकाणी होतं. निशावहिनी शाहूवाडीत एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका. मुलगी मोना त्यांच्याजवळ. दादासोंची आई तानूबाई त्याच गावात, थोरल्या भावाकडे. आणि दादासो उचगावात एका खोलीत, कारण पहाटेचे टेम्पो सुटायच्या आत डेअरीवर हजर राहावं लागतं आणि उचगावपासून डेअरी सात मिनिटं.

त्या खोलीत एक कॉट, एक खुर्ची आणि एक भिंतीवरचं घड्याळ होतं. अकरा वर्षांत त्यांनी दुसरी खुर्ची घेतली नाही. कुणी आलंच असतं तर कॉटवर बसलं असतं, पण तशी वेळ आली नव्हती. जेवण कोपऱ्यावरच्या खाणावळीत. खाणावळवाल्या मावशींना त्यांचं नाव माहीत नव्हतं. त्या त्यांना 'शनिवार बंद' म्हणून ओळखत, कारण शनिवारी संध्याकाळी ते जेवायला नसत. शनिवारी एसटीने गावी, रविवारी संध्याकाळी परत. इतर दिवशी रात्री पावणेदहाला फोन. जेवलात का, जेवलो, मोना काय करते, अभ्यास, ठेवू का, ठेव. सरासरी साडेचार मिनिटं. हे मला माहीत आहे, कारण त्यांनी मोजलं होतं आणि मला सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

दिवाळीत निशावहिनींच्या बदलीचं घाटू लागलं. मे महिन्यात यादी लागणार आणि त्यांना राधानगरी रस्त्यावरचं एक आरोग्य केंद्र मिळणार, हे जवळपास नक्की होतं. मोनाची सातवी संपत होती आणि गावातली शाळा सातवीपर्यंतच. दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यात जमून आल्या. अकरा वर्षांनी तिघं एका छपराखाली राहणार. दादासोंनी एक दोनशे पानी वही आणली.

वहीत प्रत्येक उपनगराला एक पान. पानावर चार ओळी: मोना, शाळा. निशा, आरोग्य केंद्र. मी, डेअरी. चौथी ओळ आईची, डॉक्टर. तानूबाईंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, माझी ओळ खोड, मी कुठं येत न्हाय, मला इथल्याच मातीत जायाचं हाय. ओळ खोडली. उरल्या तीन. नियम एकच: कुणालाही जायला चाळीस मिनिटांच्या वर लागता कामा नये. हा नियम त्यांनी दुधावरून घेतला होता, फक्त आकडा माणसांसाठी कमी केला.

आता चाळीस मिनिटं म्हणजे कुणाची चाळीस मिनिटं, हा प्रश्न दुसऱ्याला पडला नसता. दादासोंना पडला. टेम्पोचा रूट कागदावर ठरत नाही, आधी एकदा रिकामा टेम्पो फिरवावा लागतो. त्यांनी तेच केलं. जानेवारीपासून एकेक किरकोळ रजा टाकायची, एक उपनगर निवडायचं, आणि तिथून तिघांचा दिवस स्वतः जगून बघायचा.

म्हणजे असं. समजा पाचगाव. सकाळी साडेसहाला पाचगावातल्या एका रिकाम्या घराच्या फाटकाशी दादासो उभे. पाठीवर मोनाचं जुनं दप्तर, त्यात सातवीची पुस्तकं. रिकाम्या हाताने माणूस जोरात चालतो, म्हणून दप्तर. गावी एका रविवारी मोनाला न सांगता तिच्या मागून चालून त्यांनी तिची चालही मोजून घेतली होती. त्या चालीने ते रिक्षाथांब्यापर्यंत जात, सहा आसनी रिक्षात पोरांच्यात बसत आणि मंगळवार पेठेतल्या शाळेच्या फाटकाशी उतरत. वेळ टिपत. मग परत पाचगाव. आता ते निशावहिनी. हातात डब्याची पिशवी, स्टँडवर उभं राहून राधानगरीकडची एसटी, आणि आरोग्य केंद्राच्या पायरीवर पाय ठेवला की घड्याळ बंद.

तिथं एक अडचण आली. आरोग्य केंद्रात येऊन घड्याळ बघून परत जाणाऱ्या माणसाबद्दल लोकांना शंका येते. म्हणून दादासो केसपेपर काढत. काय होतंय, असं विचारल्यावर त्यांना जे पहिलं सुचलं ते त्यांनी सांगितलं: अशक्तपणा. प्रत्येक वेळी लोहाच्या गोळ्या मिळत. चौथ्या खेपेला तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन साडेचौदा निघालं. बाई म्हणाल्या, तुम्हाला काहीही झालेलं नाही. दादासो म्हणाले, ते मला माहीत आहे. पुढे निशावहिनी तिथं हजर झाल्या तेव्हा हे सगळं त्यांना पहिल्याच दिवशी ऐकायला मिळालं.

संध्याकाळी दादासो पुन्हा स्वतः होत. डेअरीपासून पाचगावला स्कूटरवरून येत, त्या न घेतलेल्या घराच्या फाटकाशी थांबत, आकडा टिपत, आणि उचगावला आपल्या खोलीवर जात. अशा रीतीने कुरणे कुटुंब कोल्हापूरच्या पाच उपनगरांत एकेक दिवस राहून आलं. कुटुंबातल्या दोघींना याची कल्पना नव्हती.

शाळेची निवड त्यांनी वेगळ्या पद्धतीने केली. कॅनमधलं दूध तपासायचं तर वरचं घेऊन चालत नाही, नीट ढवळून मधलं घ्यावं लागतं. शाळेचं माहितीपत्रक हे त्यांच्या मते वरचं. म्हणून ते शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या पोरींचं बोलणं ऐकत. बाईंबद्दल काय बोलतात, गणिताला कुणाचं नाव घेतात, प्रयोगशाळा उघडतात की कुलूपच. मंगळवार पेठेतल्या त्या शाळेसमोर ते तीन दिवस उभे राहिल्यावर ज्ञानू नावाचा पहारेकरी जवळ आला.

"पावणं, कुणाचं पालक?"

"अजून कुणाचाच न्हाय."

"मग हितं काय करताय?"

"शाळा सुटायला किती वेळ लागतो बघतोय."

ज्ञानूने त्यांना सरळ मुख्याध्यापिकांपुढे नेऊन उभं केलं. तिथं दादासोंनी वही उघडली. बाईंनी पानं चाळली, चष्मा काढला, आणि शाळा सुटायला लागणारी अकरा मिनिटं सात करता येतील का याबद्दल त्यांचा सल्ला विचारला. मागचं फाटकही उघडा, असं दादासो म्हणाले. ते उघडलं गेलं. शाळा ठरली. त्यानंतर ज्ञानू त्यांना चहा पाजायचा आणि ओळख करून देताना सांगायचा, हे फाटकवाले सायेब.

वहीत आणखी एक रकाना होता. त्याला मथळा नव्हता.

भाड्याने घर देणारा कोल्हापुरी माणूस थेट काही विचारत नाही. तो प्रेमाने विचारतो. पावणं कुठलं? शाहूवाडीचं. शाहूवाडीत कुठलं? गाव सांगितलं की त्या गावात त्याचा एक साडू निघतो. मग साडूच्या वाड्याच्या कुठल्या अंगाला तुमचं घर, तालमीच्या अलीकडं का पलीकडं, असं करत करत तो बरोबर हव्या त्या ठिकाणी पोचतो. दादासोंच्या आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला. आडनाव तेच राहिलं आणि घर गावाच्या त्याच टोकाला राहिलं, त्यामुळे घरमालकाची फार दमछाक होत नाही. चहा येतो, चहा होतो, आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो की पुण्याहून पुतण्या येतोय, खोल्या त्याला लागणार.

त्या हिवाळ्यात पुण्याहून कोल्हापूरला चार पुतणे आले. दादासो मथळा नसलेल्या रकान्यात 'पु.' असं लिहीत आणि पान उलटत. मी एकदा विचारलं, याचा राग येत नाही का? ते म्हणाले, "राग किती मिनिटं धरायचा? पुढचं घर बघायचं असतंय."

शेवटी पाचगाव जमलं. मालक सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. वीस वर्षं ईशान्येत काढल्यामुळे त्याला कोल्हापुरात साडू शोधण्याची सवय राहिली नव्हती. त्याने पाण्याची वेळ तेवढी सांगितली. मोनाला शाळा पंचवीस मिनिटं, निशावहिनींना आरोग्य केंद्र अडतीस, दादासोंना डेअरी तीस. तिघंही चाळीसच्या आत. साऱ्या कोल्हापुरात हा नियम पाळणारं दुसरं ठिकाण नव्हतं. साने गुरुजी वसाहत दोघींना फार सोयीची होती, पण तिथून संध्याकाळच्या गर्दीत डेअरी गाठायला दादासोंना पन्नास मिनिटं लागत. नियम मोडत होता, म्हणून ते पान बाद.

मे महिन्याच्या अखेरीस यादी लागली. पुढच्याच शनिवारी दादासो वही घेऊन गावी गेले. जाण्याआधी त्यांनी मला पाचगावचं पान दाखवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. ते पूर्वीही हसत. या वेळी ते कुणी विनोद न करता हसले.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं, एखाद्या रूटची हकीकत सांगावी तसं.

रविवारी सकाळी निशावहिनी भाकरी थापत होत्या. दादासोंनी चुलीसमोर वही उघडून सगळं समजावून दिलं. रिकाम्या फेऱ्यांचंही सांगितलं. वहिनी हसल्या, तव्यावरची भाकरी करपली. मग मोनाने वही आपल्याकडे ओढली. मोना तेरा वर्षांची, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत तालुक्यात नाव आलेली. रविवारी बापाच्या शेजारी बसून रूटचे कागद तपासायचे, हाच तिच्या लहानपणीचा खेळ होता. बाप घरी असे तेवढ्या वेळात कागदच असत, त्यामुळे दुसरा खेळ झाला नाही.

तिने पेन्सिल घेतली आणि विचारलं, "पप्पा, तुमी घरात कवा असणार?"

दादासोंनी सांगितलं. पहाटे चारला बाहेर, साडेदहाला परत, मग झोप. दुपारी चारला पुन्हा बाहेर, संध्याकाळचे टेम्पो आत घेऊन पावणेदहाला घरी.

मोनाने शेजारी आपली वेळ मांडली. सकाळी शाळा, दुपारी एकला घरी, चार ते सहा क्लास. आईची वेळ मांडली. साडेआठला बाहेर, सहाला घरी. आपली झोपायची वेळ मांडली, सव्वादहा. मग तिने बेरीज-वजाबाकी केली.

"म्हंजे आपण तिघं जागं आणि घरात, असं रोज अर्धा तास," ती म्हणाली. "पावणेदहा ते सव्वादहा."

हा रकाना वहीत नव्हता. कोण कुठून कुठे किती वेळात जाईल, हे सात महिने मोजलं होतं. पोचल्यावर तिथं कोण असेल, हे मोजायचं राहून गेलं होतं. दूध पोचलं की काम संपतं. पोचलेल्या कॅननी एकमेकांशी काय बोलावं हे संघ बघत नाही.

दादासो म्हणाले, मी दुपारचा जागा राहीन.

"मग झोपणार कवा?" मोनाने विचारलं. तिने पान उलटलं, साने गुरुजी वसाहतीचं काढलं. दुखवायचं म्हणून नव्हे. गणित सोडवताना पोरं जशी बोलतात तशी ती बोलत होती. "हे बघा. हितं मला बारा मिनिटं, मम्मीला बावीस. तुमची ओळ हाय म्हणून हे बाद झालंय. अर्ध्या तासासाठी मम्मी रोज अडतीस मिनिटं जाणार आणि अडतीस येणार. ओळ काढली की हे पयल्या नंबरला येतंय." आणि तिने पेन्सिलीने तिसऱ्या ओळीवर रेघ मारली. "फोनवर तर आपण आत्ता बी पावणेदहालाच बोलतोय की."

निशावहिनींनी तवा उतरवला. मग म्हणाल्या, "आवो, मी न्हाय म्हणत न्हाय. तुमी म्हणशीला तिथं येणार. पण गेल्या श्रावणात तुमी गाडीवर झोपलाता, खांद्याचं हाड मोडलं. त्या वेळंला डेअरी सात मिनिटांवर हुती. आता तीस मिनिटं रोज चार खेपा करणार तुमी. मला आरोग्य केंद्रात बसून तुमच्या वाटंकडं ध्यान लागायचं." मग त्यांनी परातीतलं पीठ एका बाजूला केलं. "शनवार-रव्वार यायचंच की. आत्ता पण येताच की."

दादासोंना म्हणता आलं असतं की, तरी मी येणार. पन्नास मिनिटं तर पन्नास. ते मला म्हणाले की दोघी थांबल्या होत्या, बहुतेक त्यासाठीच. पण त्यांच्यासमोर कागद होता आणि कागदात चूक नव्हती. चूक असती तर त्यांनी दाखवली असती. त्यांनी दोनदा तपासलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले.

मोनाने मारलेली रेघ जरा तिरकी गेली होती. दादासोंनी पट्टी मागितली आणि तिच्यावरून पेनाने सरळ रेघ मारली.

साने गुरुजी वसाहतीतलं घर चार दिवसांत मिळालं. मालकीण धोंडुबाई, पंचाहत्तरीच्या, एकट्या, वरच्या मजल्यावर. त्यांनी गाव, साडू, तालीम यांपैकी काही विचारलं नाही. निशावहिनी नर्स आहेत एवढं ऐकल्यावर त्यांना बाकीचा माणूस नकोच होता. "सिस्टर व्हय? मग माझी शुगर बघायची आठवड्यातनं," त्या म्हणाल्या. सिस्टरला आडनाव नसतं, हे दादासोंच्या लक्षात सात महिन्यांपूर्वी आलं असतं तर बरेच पुतणे पुण्यातच राहिले असते.

"आणि मालक कुठं असत्यात?" धोंडुबाईंनी विचारलं. मालक शेजारीच उभे होते.

"डेअरीत," निशावहिनी म्हणाल्या. "शनवारी येत्यात."

पाचगावच्या फौजीला नकार कळवायला दादासो स्वतः गेले. त्याने चहा दिला.

सामान आणायला मी गेलो होतो, कपाट धरायला दुसरा माणूस हवा म्हणून. सामान म्हणजे फार काही नव्हतं. अकरा वर्षं दोन ठिकाणी विभागलेल्या संसाराचं एका ठिकाणचं. दादासोंनी दिवसभर काम केलं. पडद्यांचे गज ठोकले, गळका नळ दुरुस्त केला, कपडे वाळत घालायची दोरी बांधली, ती ढिली वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली. मोनाचं टेबल खिडकीशी लावलं, उजेड डावीकडून येतो का बघितलं. वहिनींनी खोल्या वाटून टाकल्या होत्या: पुढची बसायची, मधली दोघींची झोपायची. दादासोंचे दोन शर्ट आणि एक लुंगी त्यांनी कपाटातल्या वरच्या फळीवर ठेवली, पाहुण्यांच्या चादरींशेजारी, कारण जागा तिथंच होती. तीन वाजता करण्यासारखं काही उरलं नाही. दादासो थोडा वेळ सगळ्या खोल्यांतून फिरले, बटणं लावून-बंद करून पाहिली. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, टेम्पो यायला लागतील.

आम्ही स्कूटरवरून परत निघालो. मी मागे बसलो होतो. डेअरीच्या फाटकाशी त्यांनी स्कूटर थांबवून घड्याळ बघितलं. म्हणाले, "बावन्न." दोन मिनिटं जास्त लागली होती, मी जड असल्यामुळे.

नंतर बरेच दिवस डेअरीतले लोक त्यांना घराबद्दल विचारत. कोल्हापुरात कुणी घर विकत घेतलं वा भाड्याने घेतलं की त्याचं कौतुक घेणाऱ्यापेक्षा लोकांनाच जास्त वाटतं. दादासो न कंटाळता सांगत. झकास हाय. पोरीला शाळा बारा मिनिटं. मंडळींना बावीस, थेट एसटी. पाणी दोन वेळ. एका ड्रायव्हरने विचारलं, आणि सायेब, तुमाला? दादासो म्हणाले, "मला कुठं जायाचं हाय?" सगळे हसले. ते उत्तर सगळ्यांना पटण्यासारखं होतं, कारण ते डेअरीतच उभे होते.

उचगावची खोली तशीच आहे. पावणेदहाला फोन होतो. हल्ली तो साडेतीन मिनिटांवर आला आहे, कारण वसाहतीत आल्यापासून मोनाला मैत्रिणी झाल्या आहेत आणि वहिनींना धोंडुबाई. सांगण्यासारखं वाढलंय, पण ते जिथल्या तिथं सांगून होतं. दादासोंनी मला आकडा तेवढा सांगितला.

रविवारी सकाळी आठला मोनाचा क्लास असतो, शिवाजी पेठेत. इतर दिवशी ती मैत्रिणींबरोबर जाते. रविवारी दादासो स्कूटरवरून सोडतात. सरळ रस्त्याने दहा मिनिटं. त्यांनी हे अंतर आधीच मोजून ठेवलं होतं. पण ते सरळ जात नाहीत. फुलेवाडीकडून रंकाळ्याला पूर्ण वळसा घालतात, तिसाच्या वेगाने, आणि वाटेत ती जे काही सांगत असते ते ऐकतात. बावीस मिनिटं होतात.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी मोनाने विचारलं, पप्पा, इकडनं लांब पडत न्हाय व्हय?

"तिकडं रस्ता खणलाय," दादासो म्हणाले.

रस्ता खणलेला नाही. मी बघून आलो. पण हे कारण आमच्या गावात कुणी तपासायला जात नाही, आणि गणितात हुशार असलेली पोरगीही अजून गेलेली नाही.